मदत हवी आहे: बायबलवरील भाष्यग्रंथ कसा निवडावा?

नमस्कार. मी म्हापशाला राहतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली राचोल येथे छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’ हे ख्रिस्तचरित्रपर मराठी काव्य वाचताना मूळ बायबलही नीट वाचावे असे वाटू लागले, म्हणून बायबल सोसायटीची मराठी प्रत घेऊन नव्या करारापासून, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या उत्तर भागापासून, आरंभ केला. शुभवर्तमाने, म्हणजे येशूची चरित्रे, भाष्यावाचून वाचता आली. अडलो तो पत्रांपाशी, म्हणजे आरंभीच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी लिहिलेल्या, नव्या करारातीलच पत्रांपाशी. मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, असे पौल रोमकरांस पत्रात (३:२८) म्हणतो, तर केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनी ठरतो, असे याकोबाच्या पत्रात (२:२४) आहे; आणि दोघेही साक्षीला अब्राहामालाच उभे करतात.

अशा स्थळी भाष्यकार आपल्या पंथाची बाजू मांडतो आहे की वचनाचा अर्थ उलगडतो आहे, हे मला ओळखता येत नाही. गीतेबाबत शांकरभाष्य आणि गीतारहस्य यांचा कल आपल्याला आधीच ठाऊक असतो; इथे ती ओळख नाही.

मॅथ्यू हेन्री यांचे भाष्य इंटरनेटवर फुकट मिळते आणि त्याची भाषा मला आवडते. मात्र १७१४ साली ते वारले तेव्हा काम ‘प्रेषितांची कृत्ये’ या, पत्रांच्या आधी येणाऱ्या पुस्तकापर्यंतच आले होते. पुढचा भाग, म्हणजे नेमकी पत्रेच, इतर धर्मोपदेशकांनी पुरी केली. शिवाय १९४७ पासून मृत समुद्राजवळ सापडलेल्या बायबलच्या व इतर प्राचीन यहुदी हस्तलिखितांची चर्चा त्यात असणे शक्यच नाही. सध्या दोन इंग्रजी ग्रंथ मनात आहेत: दक्षिण आशियाई अभ्यासकांनी लिहिलेले, २०१५ चे ‘साउथ एशिया बायबल कॉमेंटरी’ आणि कॅथलिक अभ्यासकांचे, १९९० चे ‘न्यू जेरोम बिब्लिकल कॉमेंटरी’. दोन्ही एकखंडी असल्याने एकेका वचनाला जागा थोडीच मिळणार. गोव्यात चर्चेला भेटणारे बहुतेक कॅथलिक, त्यांच्या बायबलात ७३ पुस्तके, माझ्या प्रतीत ६६. त्यामुळे या दोहोंपैकी दुसरा, कॅथलिक ग्रंथ घ्यावा असे एक मन सांगते.

जाणकारांना विचारायचे ते असे, की एकखंडी ग्रंथाऐवजी केवळ रोमकरांस पत्रावरचे सविस्तर भाष्य घेणे श्रेयस्कर ठरेल का, आणि नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक न येणाऱ्याला ते झेपेल का? अध्याय आधी स्वतः वाचून, शंका टिपून, मगच भाष्य उघडायचे असा माझा क्रम आहे. पण पत्र कोणाला व कोणत्या प्रसंगी लिहिले हे सांगणारी भाष्यकाराची प्रस्तावना तरी आधी वाचावी का? मराठीत एखादे विश्वासार्ह भाष्य उपलब्ध असल्यास ते मी प्रथम घेईन. कृपया नाव सुचवताना लेखकाचा पंथही कळवावा.