मदत हवी आहे: आईला साधं पडसं आहे की फ्लू? (खानापूर भाग)

नमस्कार मंडळी. आमचं गाव जांबोटी रस्त्याला. पंधरा दिवस पावसाने डोकं वर काढू दिलेलं नाही, कपडे चुलीवर वाळवतोय. शनिवारी पुण्याहून दादा-वहिनी आले. त्यांचं पोरगं, वय ६, आल्यापासून शेंबडं आहे. आधी घशात खवखव, मग शिंका, मग नाक गळायला लागलं. पण ताप नाही आणि दिवसभर पागोळ्यांखाली हुंदडतंय, म्हणून आम्ही काही मनावर घेतलं नाही.

आईचं मात्र वेगळंच झालंय. वय ६७, साखर आहे, रोज गोळी चालू. मंगळवारी सकाळी रोप लावायला आलेल्या बायकांसाठी तिने भाकऱ्या थापल्या, ठणठणीत होती. दुपारी एकच्या सुमाराला आठळ्या सोलत बसली होती, त्या विळीपाशी तशाच टाकून उठली. "थंडी वाजूलाल्या बघ रे" म्हणाली आणि दोन घोंगड्या घेऊन पडली ती पडलीच. संध्याकाळी ताप १०२. डोकं, कंबर, पिंढऱ्या ठणकतात, केस विंचरले तरी दुखतंय म्हणते. कोरडा खोकला आहे, नाक जवळजवळ कोरडंच. आज बुधवार, रात्रीचे ८. ताप १०१.६, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९६. दोन वाट्या पेज गेली एवढंच.

जवळच्या बाजारगावात दाखवलं. न तपासताच "हवा बदलली, सर्दी आहे" म्हणून एक सुई आणि कागदात बांधलेल्या गोळ्या मिळाल्या, त्यातली एक अँटिबायोटिक निघाली. बाबा म्हणतात पोराचं पडसं तिला लागलं. वहिनी म्हणते फ्लू. शेजारची आत्ती दृष्ट काढून गेली. ओळखायचं कसं, आणि पाऊस ओसरेपर्यंत थांबलो तर चालेल का?

घटप्रभाकाठ:
मी डॉक्टर नाही, पण सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून २० वर्षं काढलीत. आमच्याकडे तापाचा पेशंट आला की पहिला प्रश्न "ज्वर यावाग बंतु?" (ताप कधी आला?) त्याचं उत्तर कसं येतं ते ऐकायचं. पडशाचा माणूस म्हणतो, "परवापासून असेल बहुतेक, आधी घसा धरला, मग नाक..." फ्लूचा माणूस वेळ सांगतो. तुम्ही नाही का, आठळ्या सोलताना, एक वाजता, असं लिहिलंत! पडसं पायरी पायरीने चढतं, दोन-तीन दिवसांत जोर धरतं आणि आठवडा-दहा दिवसांत उतरतं. नाक, शिंका, घसा यापलीकडे सहसा जात नाही, मोठ्या माणसाला ताप क्वचितच. तुमच्या पुतण्याचं तसंच दिसतंय. फ्लू एकदम आडवा करतो: जोराचा ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, उठवत नाही इतका थकवा. अर्थात लहान पोरांना फ्लूही कधी हलकाच येतो, त्यामुळे आईला तो पोराकडूनच आला की आणखी कुठून, हे सांगता येणार नाही. रविवारी-सोमवारी ती कुठे गर्दीत गेली होती का? लागण झाल्यापासून साधारण एक ते चार दिवसांत तो दिसतो.

आता महत्त्वाचं. पाऊस ओसरायची वाट बघू नका. फ्लूचं औषध, ओसेल्टामिव्हिर, पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोग होतो, आणि तुमचे ४८ तास उद्या दुपारी एकला भरतात. वय ६५ च्या वर आणि त्यात साखर, म्हणजे न्यूमोनियाचा धोका जास्त. उशीर झाला तरी अशा माणसांना डॉक्टर ते देतात, पण उशीर कशाला? दुकानातून स्वतः आणू नका, मूत्रपिंड बघून डोस ठरतो. ती अँटिबायोटिक विषाणूवर काहीच करत नाही. चालू ठेवायची की नाही ते उद्याच विचारा. जेवण नसताना साखरेच्या गोळीचं काय करायचं तेही विचारा, साखर घसरली तर नवीनच लफडं.

आज रात्री धाप लागली, छातीत दुखलं, बोलण्यात घोटाळा झाला किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर सकाळचीही वाट बघायची नाही.

निपाणीकर:
वरच्या ताईंशी सहमत. एक भर घालतो. पावसाळ्यात डेंग्यूही असाच एकदम येतो, अंग तसंच मोडतं. फरक एवढाच की त्यात खोकला-घसा बहुधा नसतो, डोळ्यांच्या मागे दुखतं, पुढे अंगावर पुरळ येऊ शकतं. रक्त तपासून घ्या. तोवर तापाला पॅरासिटामॉलच, ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको. आमच्या वखारीत एकाने अंगदुखीला ब्रुफेन घेतली, निघाला डेंग्यू, प्लेटलेट खाली, सगळ्यांची तंतरली होती.

आणि ताप उतरला म्हणून लगेच कामाला लावू नका. मी तिसऱ्या दिवशी वखारीत गेलो होतो, खोकल्याने महिनाभर हिशेब चुकता केला. दोन दिवस बरं वाटून ताप पुन्हा चढला तर सरळ दवाखाना.

टिळकवाडी_७:
आलं-तुळस-मिऱ्याचा काढा द्या, घशाला बरा वाटतो. फ्लू जात नाही त्याने, काढेवाल्यांनी माझ्यावर धावून येऊ नये. गूळ घालू नका, साखर आहे. बऱ्या झाल्या की पुढच्या मोसमाच्या आधी फ्लूची लस विचारा. विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते.

धागाकर्ता (गुरुवार, दुपारी ३):
सगळ्यांचे आभार. पहाटेच निघालो, ११ ला बेळगाव सिव्हिलमध्ये होतो. घशाचा स्वॅब घेतला, डेंग्यूसाठी रक्तही दिलं. रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं, दिवसातून दोनदा, ५ दिवस. छाती साफ आहे म्हणाले. जुनी अँटिबायोटिक बंद.

ताई, तुमचा अंदाज खरा निघाला. रविवारी ती शेजारच्या गावात बारशाला गेली होती, तिथली दोन माणसं आता आडवी आहेत.

तिची खोली वेगळी केली आहे, खिडकी उघडी. पोरगं दारातूनच आज्जीला वाकुल्या दाखवतंय. ताप १०० वर आलाय. डोळे उघडून पहिलं विचारलं, आठळ्या कुणी सोलल्या. कुणीच नाही.