मदत हवी आहे : नृत्यनाटिकेसाठी भूमिकावाटप कसे करावे?

सप्रेम नमस्कार. जळगावात आम्ही काही कथक शिकणारे आणि शिकवणारे मिळून कानबाई या खानदेशी लोकदेवीच्या उत्सवावर आधारलेली दीड तासाची नृत्यनाटिका बसवत असून येत्या हंगामात जळगाव, धुळे व नंदुरबार येथे तिचे प्रयोग करण्याचा विचार आहे. अडचण भूमिकावाटपाची आहे.

कानबाईच्या भूमिकेसाठी दोन मुली समोर आहेत. एकीची लय आणि पदन्यास निर्दोष आहे, परंतु तिची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. दुसरीचे चक्कर (गिरक्या) अजून डळमळतात, मात्र ती कानबाईच्या नैवेद्याचा रोट घेऊन नुसती उभी राहिली तरी तिच्यावरून नजर हलत नाही. (माझा कल दुसरीकडे आहे, हे आधीच कबूल करतो.) बॅले कंपन्यांमध्ये एकच भूमिका दोन-तीन नर्तकांना शिकवून प्रयोगागणिक आलटूनपालटून देतात. पॅरिस ऑपेराच्या बॅलेत तर नर्तकांच्या पाच श्रेणी असून ‘एत्वाल’ हे सर्वोच्च पद परीक्षेने नव्हे, नियुक्तीने मिळते. तेथे नाराजी पचवणारी व्यवस्था असते. आमच्याकडे पालक थेट तालमीला येतात.

ज्यांनी असे दुहेरी भूमिकावाटप केले आहे त्यांनी कृपया सांगावे, की तालमीचा वेळ दोघींत कसा विभागावा, पहिला प्रयोग कोणाला द्यावा आणि निवड समूहनृत्यातील मुलींसमोर जाहीर करावी की प्रत्येकीला स्वतंत्रपणे कळवावी? पुरुष नर्तक अवघे दोनच आहेत, त्यावरही काही सुचल्यास कळवावे.