‘पोरांना कष्ट नकोत’ म्हणणाऱ्या दुकानदारांसाठी

काउंटरवाला, जुळे सोलापूर:
काल इथं एका दुकानदार काकांनी लिहिलं, “बारा हजार देऊनही पोरगं टिकत नाही, आजकाल कष्ट नकोत.” रात्रभर डोक्यात तेच फिरत होतं. मी बिल्डिंग मटेरियलच्या दुकानात 2014 ला सहा हजारांवर लागलो, आज तेरा हजार. सकाळी नऊ ते रात्री साडेआठ. सळई मोजायची, बिल करायचं, हमाल आला नाही तर 50 किलोचं पोतं आपणच टेम्पोत टाकायचं. मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये दहा मिनिटं उभं राहून दाखवा. गेल्या वर्षी टाईल्सचा बॉक्स निसटला, कोपरा अंगठ्यावर, नख उपटलं. मालकांनी मलमपट्टीचे पैसे दिले आणि तीन दिवसांचा खाडा कापला. पीएफला दुकानात वीस माणसं लागतात, ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या आजारपण-अपघाताच्या सरकारी विम्याला, दहा. आम्ही सहा जण. जायचं कुणाकडं?

दुकानदार, होटगी रोड:
ती पोस्ट माझीच. सिमेंटच्या पोत्यामागं पाच-दहा रुपये सुटतात. बिल्डरची उधारी तीन-तीन महिने. सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांचा 18 झाला, तो गिऱ्हाइकाला गेला, आमचं मार्जिन तेवढंच. वर मिस्त्री! गिऱ्हाईक बाहेर पडायच्या आत फोन, “माझं कमिशन काय?” पगार वाढवायचे पैसे तिकडं जातात.

मिस्त्री, शेळगी:
ओ शेठ, मिस्त्रीवर कशाला येताय? गिऱ्हाईक आम्ही आणतो. पावसात काम बंद पडलं की घरात बसून खातो, तेव्हा कुणी विचारतं का? आणि पेंटच्या डब्यात आमच्यासाठी पैशाचं टोकन कंपनीच टाकते, आम्ही मागायला गेलो नव्हतो.

घर बांधून पस्तावलेला:
टोकन सोडा. मला फरशी 46 रुपये फुटानं लावली. तीच शेजाऱ्यानं मिस्त्री न नेता 42 नं आणली. बाराशे फुटाला 4,800 रुपये माझ्या खिशातून गेले. ही चोरीच आहे बे.

मिस्त्री, शेळगी:
चोर कुणाला म्हणतोस? लेव्हल बघायला, फुटका माल परत करायला उन्हात तीन चकरा मारल्या, त्याचे किती दिलेस?

हमालाचा मुलगा:
भांडा निवांत. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. ओझी वाहणाऱ्यांसाठीचा 1969 चा माथाडी कायदा, त्याच्या बोर्डात नोंद, म्हणून म्हातारपणी हातात पीएफ आला. सिमेंटच्या दुकानापुढं पोत्यावर पैसे घेणाऱ्या हमालाची नोंद कुणी केली? गुडघे गेले की तो घरी.

काउंटरवाला, जुळे सोलापूर:
मिस्त्रीवर एवढं लिहिलंत, पगारावर कुणी नाही. काका, सहा माणसांच्या दुकानालाही किमान वेतन लागू आहे. कायद्यानं ठरलेल्या तासांच्या वर थांबवलं तर दुप्पट दरानं पैसे द्यायचे असतात. तुम्ही देता?

दुकानदार, होटगी रोड:
नाही देत. कुणीच देत नाही, पण ते उत्तर नाही, कळतंय मला. माझा मुलगाही काउंटरला बसायला तयार नाही, पुण्यात गेला. दिवाळीनंतर सातला शटर ओढून बघतो. पगाराचं आत्ता शब्द देणार नाही, उधारी वसूल झाल्याशिवाय जमणार नाही.

काउंटरवाला, जुळे सोलापूर:
सातला बंद केलं तरी पुष्कळ. एकच सांगा, तुमच्याकडं कामात कुणाला लागलं तर खाडा धरता?

दुकानदार, होटगी रोड:
धरतो.