गाठीवर नुसतं मलम लावू नका

किडनी बदललेल्या वडिलांच्या पावलावर गाठ आली आहे आणि गजकर्ण समजून मलम लावतोय, असं तुम्ही लिहिलंत. ते मलम आजच थांबवा. दुकानातल्या बऱ्याच मलमांत क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइड असतं. त्याने खाज दबते, बुरशी आत पसरत राहते.

आमच्या दादाचीही किडनी बदललेली, त्याचंही असंच झालं. मोहोळजवळच्या रानात बाभळीचा काटा मोडला, दोन महिन्यांनी घोट्याजवळ सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून सगळे निवांत. सोलापुरात एका ठिकाणी गळू म्हणून चिरा दिला, पू फेकून दिला. तपासणी नाहीच! पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी तुकडा काढला, तेव्हा फिओहायफोमायकोसिस निघाला. माती-लाकडावरच्या काळपट बुरशीचा हा आजार. २०२१ मध्ये ज्याला काळी बुरशी म्हणत होते तो म्युकर, हा वेगळा.

तुकडा काढताना एक भाग बायोप्सीला फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा सलाइनमध्ये फंगल कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवायला सांगा. फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चर येतच नाही. रिपोर्टला तीन-चार आठवडे लागू शकतात.

आणि हे फार महत्त्वाचं: इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सुरू केलं की रक्तातलं टॅक्रोलिमस (बदललेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) वाढतं, किडनीला इजा होऊ शकते. दादाचा टॅक्रोलिमसचा डोस कमी करून रक्तातली लेव्हल पुन्हापुन्हा तपासावी लागली. त्यामुळे पहिली गोळी घेण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना फोन कराच.