पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच: बाबांचा जुना कॉम्प्युटर

वारणाकाठ:
बाबांचा २००९ साली असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर. बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवा लागतो, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. बीपही नाही. मॉनिटर आणि केबल दुसरीकडे लावून पाहिली, ठीक आहेत. पावसाळाभर खोली बंद होती. दुकानात म्हणाले, भंगारात घाला. पण आजीच्या जात्यावरच्या ओव्या बाबांनी पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये टाईप केल्यात, त्या ह्या एकाच डिस्कवर आहेत. आजी आता नाही. हात लावायला भीती वाटते.

सोल्डरवाला:
ताई, डिस्क कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका. आधी भिंतीतला प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. डिस्कच्या दोन्ही वायरी सोडवा, म्हणजे ओव्या सुरक्षित. आता सगळी रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, काढून मशीन चालू करा. मदरबोर्डाला (आतल्या मुख्य बोर्डाला) छोटा स्पीकर असेल आणि बीप आला, तर बोर्ड नि प्रोसेसर जिवंत आहेत. मग पुन्हा प्लग काढून रॅमच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने पुसा, कण झटका आणि एकच रॅम लावा. दमट हवेत पट्ट्यांवर थर चढतो, हे मी खूपदा पाहिलंय.

वारणाकाठ:
बीप आले, लांब लांब! पुसून एक रॅम लावली आणि स्क्रीन आली. डिस्क जोडली. पण 'सीमॉस चेकसम एरर' दिसतं, तारीख जुनी. एफ१ दाबलं की विंडोजचा लोगो, क्षणभर निळी स्क्रीन, परत रीस्टार्ट.

जुनीपेटी:
बोर्डावरचा गोल सेल संपलाय. सीआर२०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला की बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची, सेटिंग्ज मूळपदावर जातात. त्यात साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बघा: एएचसीआय असेल तर आयडीई करा, आयडीई असेल तर एएचसीआय. विंडोज ज्या मोडवर टाकलं होतं, तोच लागतो. आणि फायलींबरोबर फॉन्टही कॉपी करा. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट युनिकोड (अक्षरांची आजची सामायिक पद्धत) नव्हते, त्यांच्याशिवाय ओव्यांच्या जागी नुसती गिचमीड दिसेल.

वारणाकाठ:
नवा सेल घातला, आयडीई केलं, सुरू झाला! फायली आणि फॉन्ट दोन पेनड्राईव्हवर घेतले, पीडीएफही केल्या. पहिल्या पानावर बाबांनी लिहिलंय: 'आई म्हणायची तशाच, एक शब्द बदललेला नाही.' दोघांचेही मनापासून आभार. आज रात्री आत्याला फोनवर वाचून दाखवणार आहे.