गच्चीवरची ठशांची चित्रं

बी-२०४: तुम्ही गच्चीवर मुलांकडून काढून घेतलेली चित्रं काल बघितली. राग मानू नका, पण एका कागदावर काळा रंग फासायचा, त्यावर दुसरा कागद दाबायचा आणि उचलायचा, यात मुलं चित्रकला काय शिकणार? माझ्या मुलीला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवायचंय, तिचं वस्तुचित्र, स्मरणचित्र करून घ्या ना

सी-५०१: राग कसला ताई, वस्तुचित्र घेणारच आहे. पण ही पद्धत मला मनापासून आवडते कारण ज्याने ती चित्रकारांमध्ये आणली तो ऑस्कर डोमिंगेझ जवळजवळ सगळं स्वतःचं स्वतःच शिकला. टेनेरिफ बेटावरचा स्पॅनिश माणूस, जन्म १९०६, आणि १९२७ ला पॅरिसला गेला तो चित्रं काढायला नाही, वडिलांचा फळांचा धंदा सांभाळायला. घरच्या केळीच्या बागा होत्या

ए-१०३: केळी म्हणजे आमचं माहेरच की, रावेर 😊

सी-५०१: हो ना! हा पॅरिसच्या मोठ्या बाजारात काम करायचा. थोडे दिवस कुठल्या कुठल्या आर्ट क्लासला जाऊन बसला पण खरं शिक्षण झालं ते म्युझियम आणि गॅलऱ्या पालथ्या घालून. १९३१ ला वडील गेले, पैशांची चणचण झाली, मग जाहिरातींची डिझाईनं करून पोट भरलं. १९३४ ला लेखक आंद्रे ब्रेताँच्या सररिॲलिस्ट, म्हणजे स्वप्नातल्यासारखं, तर्क बाजूला ठेवून काम करणाऱ्या कलाकारांच्या ग्रुपमध्ये आला आणि पुढच्याच वर्षी ब्रेताँ चक्क टेनेरिफला गेला, सररिॲलिस्टांचं प्रदर्शन भरलं तिथे, एवढ्याशा बेटावर

डी-४०२: आणि ठसे?

सी-५०१: तेच सांगतेय. ठसा उमटवायची युक्ती जुनी, चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी अशीच उमटवायचे. याने १९३५-३६ च्या सुमाराला आधी काहीही न ठरवता नुसता काळा रंग कागदावर पसरला, दुसरा कागद दाबून उचलला, आणि खडक, गुहा, पोवळी असं काय काय दिसायला लागलं. त्याचं बेट ज्वालामुखीचं, काळ्या वाळूचं, मला तर त्या ठशांत तेच दिसतं. डेकॅल्कोमेनिया म्हणतात याला. माक्स अर्न्स्टसारख्या मोठ्या चित्रकाराने ही पद्धत उचलली आणि तेलरंगात वापरली, म्हणजे केळीच्या धंद्यातून आलेल्या मुलाकडून घेतली, हे मला फार मोठं वाटतं

डी-४०२: मी आत्ता सर्च केलं, त्याने भांडणात कोणाचा तरी डोळा फोडला असं येतंय, खरंय का

सी-५०१: खरंय, आणि ते लपवायचं कारण नाही. ऑगस्ट १९३८, पॅरिस. त्याचं आणि एस्तेबान फ्रान्सेस या चित्रकाराचं भांडण जुंपलं, याने ग्लास फेकला आणि तो लागला मध्ये पडलेल्या व्हिक्टर ब्राउनर या दुसऱ्या चित्रकाराला, त्याचा एक डोळा कायमचा गेला. ब्राउनरने १९३१ मध्येच स्वतःचं एक चित्र काढलं होतं, त्यात एक डोळा नाहीये. सात वर्षं आधी! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती

ए-१०३: बापरे. आणि शेवट?

सी-५०१: वाईट झाला. हाडं वाढत जातात तो ॲक्रोमेगाली नावाचा आजार होता, दारू, निराशा. ३१ डिसेंबर १९५७ च्या रात्री पॅरिसमध्ये स्वतःच आयुष्य संपवलं, ५१ वर्षांचा होता. मुलांना हे सांगितलं नाहीये, फक्त केळी आणि ठसे सांगितलेत

बी-२०४: मला यातलं काही माहीत नव्हतं. आत्ता मुलीचं चित्र परत नीट बघितलं, तिने त्या काळ्या डागात खडकावर बसलेले दोन पक्षी शोधून पेन्सिलीने डोळे काढलेत, मला काल दिसलेच नव्हते

सी-५०१: अहो ताई मग शिकली की ती! डोमिंगेझनेही पुढे हेच केलं, कापलेल्या स्टेन्सिल ठेवून त्या डागांतूनच सिंह काढला, सायकल काढली. तिला म्हणावं तो कागद जपून ठेव, या रविवारी त्याच्यावरच पुढे काम करू. आणि सगळ्यांनी जुने पेपर आणि काळा पोस्टर कलर पाठवा, मागच्या वेळी कमी पडला

बी-२०४: दोन बाटल्या मी आणते. आणि वस्तुचित्र?

सी-५०१: बुधवारी संध्याकाळी ६ ला, माझ्याकडे. तांब्या आणि दोन केळी मांडून