मदत हवी आहे: चिऱ्याच्या पडवीत हॅमॉक कसा टांगावा?

नमस्कार मंडळी,

बहीण टेक्सासला असते. डिसेंबरात ती मेक्सिकोत युकातानला फिरून आली आणि तिथल्या मेरिदा शहरातून आईसाठी हॅमॉक, म्हणजे टांगून आत झोपायची झोळी, घेऊन आली. सुती धाग्यांची बारीक जाळी, हळदी आणि निळा रंग, दोन्ही टोकांना दोऱ्यांचा जुडगा आणि शेवटी फास. फासापासून फासापर्यंत ४ मीटर, म्हणजे १३ फूट. आणि गुंडाळला की भाजीच्या पिशवीत मावतो! तिकडे बऱ्याच घरांत भिंतीत त्याचे हुक बसवलेलेच असतात आणि लोक रात्रभर यातच झोपतात म्हणे.

आमचं घर गुहागरजवळ. पडवीला चिऱ्याचे (जांभा दगडाचे) खांब, मधे ११ फूट अंतर. मागच्या रविवारी मी जो पराक्रम केला तो सांगतो, हसू नका. १३ फुटांचा हॅमॉक ११ फुटांत लोंबतो, ते काही बरं दिसेना. म्हणून टोकाच्या दोऱ्यांना गाठी मारून तो आखूड केला, खांबांत ड्रिल मारून फास्टनर ठोकले आणि चांगला ताणून बांधला. खाटेसारखा सरळ दिसत होता. लांबीत आडवा झालो तर पाठीची कमान, पाय वर, मान छातीत. पाचेक मिनिटांत एका बाजूचा फास्टनर चिऱ्याच्या लाल भुश्शासकट बाहेर आला आणि मी शहाबादीवर. माकडहाड अजून ठणकतंय. आईचं एकच वाक्य: "ओटीवरचा झोपाळा काय वाईट होता?"

आता विचारायचं ते असं. चिऱ्यात हुक टिकेल असं काही असतं का? की झोपाळ्याच्याच कड्यांना अडकवू? त्या चारच फुटांवर आहेत. आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात सुती जाळीचं काय होणार? आईला जमिनीवरून उठायला त्रास होतो, तेव्हा उंचीचंही सांगा.

सुतारपक्षी:
दादा, आधी त्या गाठी सोडा. हॅमॉक लोंबायलाच हवा, ती खाट नव्हे. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांत असेल तर ८० किलोच्या माणसाचा प्रत्येक टोकाला ८० किलोच ताण येतो. तुम्ही ताणून १० अंशांवर आणलात, की तोच ताण २३० किलोंवर जातो. जांभा सच्छिद्र दगड, फास्टनर आत फुगला की भोवतीचा दगडच चुरतो. नुसता रचलेला खांब असेल तर दोर गुंडाळूनही बांधू नका, आडव्या ओढीसाठी तो बांधलेलाच नसतो. झोपाळ्याच्या कड्या विसरा, चार फुटांत हॅमॉकचं गाठोडं होईल. खांबांवरून जाणारी तुळई आहे का? किती उंचीवर?

पडवीकर (धागाकर्ता):
आहे, सागाची. अखंड. सहा फुटांच्या जरा वर, पाहुण्यांच्या कपाळाला लागते.

सुतारपक्षी:
मग काम झालं. दोन्ही हुक तिलाच, खांबांच्या अगदी लगत. आरपार बोल्ट, वर रुंद वायसर. वजन थेट खांबावर उतरतं आणि दोन्हीकडची ओढ तुळईतल्या तुळईत राहते. आधी पेचकस टोचून वाळवी बघा. माणूस बसल्यावर जाळी जमिनीपासून दीड फूट राहील असा दोर कमीजास्त करा. आईंना खुर्चीवर बसल्यासारखं बसता येईल.

अळूवडी:
आणि लांबीत झोपायचं नाही, तिरकं! डोकं एका काठाकडे, पाय दुसऱ्या. जाळी पसरते आणि पाठ जवळपास सपाट होते. मधे बसायचं, जाळी हाताने रुंद करायची, मग कलंडायचं. आमच्याकडे सावंतवाडीला असाच एक आहे. जूनच्या आधी उतरवतो तो थेट नवरात्रात बाहेर. ओला राहिला की काळे ठिपके पडतात आणि मग धागा कुजतो. धुताना दोन्ही फास एकत्र घट्ट बांधा, नाहीतर जो गुंता होतो तो सोडवताना घरात भांडणं होतात (अनुभव). बादलीत थंड पाणी, साधा साबण, वॉशिंग मशीन नको. सावलीत वाळवा, उन्हात रंग उडतो. ठेवताना ट्रंकेत कोंबू नका, गुंडाळून माळ्यावर हवेशीर खिळ्याला टांगा, उंदरांना पोचता येणार नाही असा.

हो, आईंच्या पायात जोडवी असतील तर काढायला सांगा. माझ्या सासूबाईंचं जोडवं जाळीत अडकलं, त्यांनी पाय ओढला आणि चार धागे तुटले. तुटल्या तुटल्या तशाच सुताने जोडून घेतले म्हणून निभावलं.

पडवीकर:
दोघांचेही आभार. गाठी सोडायलाच तास गेला, दोन अजून सुटत नाहीत. तुळईत पेचकस टोचून पाहिला, टणक आहे. सुतार शनिवारी येतोय. जोडव्यांचं आईला सांगितलं, ती म्हणाली, "मग आधी तूच झोपून दाखव."